दक्षिणा, बक्षीस, अनुदान

जोतीराव फुले यांनी १८५५ साली एक नाटक लिहिले. गरोदर कुणबिणीला जोशी ग्रहदशेचे भय घालतो, तिच्या नवऱ्याला अनुष्ठान-ब्राह्मणभोजनाच्या खर्चात कर्जबाजारी करतो, मध्ये विदूषक टोमणे मारत राहतो, पाद्री येऊन वाद घालतो, आणि शेवटी ते कुणबी जोडपे शिकायचे ठरवून फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेची वाट धरते. ‘तृतीय रत्न’ हे त्याचे नाव. फुल्यांनी ते पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’त फुल्यांनी या प्रसंगाची हकीकत सांगितली आहे. कमिटीतल्या भट सभासदांनी आग्रह धरला आणि युरोपियन सभासदांचे त्यांच्यापुढे काही चालले नाही, असा तिचा आशय. नाटक बाजूला पडले. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात.

मधली १२४ वर्षे मराठी नाटकाचा इतिहास या नाटकावाचून लिहिला गेला. १८४३चे विष्णुदास भावे, मग १८६१चे वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’, मग किर्लोस्कर, हा क्रम आपण सर्वांनी परीक्षेत लिहिला आहे आणि आता विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो आहोत. ‘तृतीय रत्न’ अलीकडे त्यात येते, पण बहुधा वेगळ्या परिच्छेदात, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे. एका समितीच्या एका बैठकीतला नकार वाङ्मयेतिहासाला केवढा पडू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत नाही. सार्वजनिक पैशाने वाङ्मयाला आश्रय देणारी आपल्या प्रांतातली पहिली यंत्रणा म्हणून या कमिटीकडे पाहिले, तर पुढे १९६० नंतर शासनाने जे केले आणि जे केले नाही, त्याची बरीच मुळे तिथे दिसू लागतात.

ही कमिटी ज्या पैशावर उभी होती त्याची कुळकथा मोठी आहे. सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात आपल्याकडे घेतली. पर्वतीच्या रमण्यात देशोदेशीचे ब्राह्मण जमत आणि शास्त्रपरीक्षेनुसार, पुढेपुढे पुष्कळदा परीक्षेवाचूनच, दक्षिणा घेऊन जात. नानासाहेबांच्या काळात हा खर्च लाखांच्या घरात गेला होता. याला विद्येचा आश्रय म्हणावे की दानधर्म, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नसता, कारण दोन्ही एकच होते. राजाने द्यायचे आणि ब्राह्मणाने घ्यायचे. त्यात ग्रंथ कुठेच नव्हता. पाठांतर होते, पण लेखन नव्हते.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. नव्या राज्याला पुण्यातला ब्राह्मणवर्ग दुखावून चालणार नव्हते. रक्कम कमी केली आणि तिच्यातला काही भाग काढून १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजे संस्कृत पाठशाळा, सुरू केली. हळूहळू नव्या माणसांना दक्षिणा देणे थांबले, जुने दक्षिणाधारी वारले की त्यांचा वाटा शिलकीत पडू लागला. या शिलकीचे काय करायचे, हा खरा वाद. १८४९ साली लोकहितवादींसारख्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की हा पैसा मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा आणि त्यात जातीची अट असू नये. पुण्यात गहजब झाला. धर्माचा पैसा प्राकृत पुस्तकांवर, तोही कोणाही जातीच्या माणसाच्या, ही कल्पनाच सनातन्यांना असह्य होती. तरी सरकारने सुधारकांचे म्हणणे अंशतः मान्य केले आणि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलोशिपही निघाल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे असे एक दक्षिणा फेलो.

दक्षिणेचे बक्षीस होणे हा मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मोठाच पालट होता. दान जन्माकडे पाहून मिळत होते, बक्षीस पुस्तकाकडे पाहून मिळायचे होते. पण पुस्तकाकडे पाहणारे डोळे कोणाचे? अर्जातली जातीची अट गेली. परीक्षकांची मात्र जात राहिली. सरकार परके होते, मराठीतले बरेवाईट ठरवण्यासाठी त्याला शास्त्रीपंडितांचाच सल्ला लागत होता, आणि ज्यांच्या वाट्याची दक्षिणा कापून हा निधी झाला होता त्यांच्याच वर्गातली माणसे आता तो कोणाला द्यायचा हे सांगू लागली. व्याकरण, भूगोल, नीतिकथा, इंग्रजीतून केलेली भाषांतरे यांना या व्यवस्थेत अडचण नव्हती. जोशाची लबाडी रंगमंचावर आणणाऱ्या माळ्याच्या नाटकाला होती.

याच संदर्भात १८८५ सालचे फुल्यांचे ते प्रसिद्ध पत्र पुन्हा वाचावे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकार सभेला बोलावले असता फुल्यांनी जे उत्तर पाठवले, ते आपण सहसा वैचारिक मतभेदाचा दस्तऐवज म्हणून शिकवतो. तो आहेच. पण ते लिहिणारा माणूस तीस वर्षांपूर्वी आपले नाटक घेऊन ग्रंथकारांच्या दारात गेला होता आणि तिथून परत आला होता. सभेला न जाण्याचे कारण त्याला तत्त्वज्ञानात शोधावे लागले नसणार.

‘गुलामगिरी’ फुल्यांनी काढली त्याच १८७३ साली सरकारी आश्रयाने छापलेली तुकारामाची गाथा पूर्ण झाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादलेली, इंदुप्रकाश छापखान्यात दोन खंडांत निघालेली ही प्रत अजून अभ्यासकांच्या हातात आहे. देहू-पंढरपूर-तळेगाव-कडूस अशा ठिकाणच्या हस्तलिखितांचा पाठभेदांसह विचार करून केलेले काम खासगी प्रकाशकाला त्या काळी झेपले नसते. म्हणजे एकाच दशकात तोच सरकारी पैसा एका शूद्र कवीला ग्रंथरूपाने स्थिर करत होता आणि त्याच वेळी, दोन शतकांनंतर तसेच बोलणारा दुसरा माणूस स्वतःच्या खर्चाने पुस्तके छापत होता. आश्रय देणाऱ्याला मेलेला बंडखोर नेहमीच सोयीचा असतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मग त्याच वाक्यात १९६९ सालही ध्यानात घ्यावे लागते. त्याकडे येऊच.

विसाव्या शतकात या प्रांतातल्या सरकारने कलांकडे पद्धतशीर लक्ष देण्यास आरंभ केला तो स्वातंत्र्यानंतर. १९५० साली मुंबई सरकारने तीच १८७३ची गाथा पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापली आणि स्वस्तात विकली. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. या स्पर्धेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे एवढेच म्हणतो, की हौशी रंगभूमीला तारीख, नाट्यगृह आणि परीक्षक देणे ही सरकारने केलेली अगदी साधी गोष्ट होती आणि तिचे फळ तिच्या खर्चाच्या कितीतरी पट निघाले. तालुक्याच्या गावातल्या बँकेतली, शाळेतली, कारखान्यातली माणसे वर्षाला एक नाटक बसवू लागली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे तेंडुलकरांनी ‘रंगायन’साठी १९६७ साली लिहिले ते स्पर्धेच्या निकडीतून. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्यमंदिरात पहिल्यांदा उभे राहिले तेही स्पर्धेत.

गंमत अशी, की याच १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ राज्याच्याच रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळात अडकले होते आणि कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयात नाटक जिंकले. एकाच लेखकाच्या एका नाटकाला शासनाचे एक मंडळ रंगमंच देत होते आणि दुसऱ्या नाटकावर दुसरे मंडळ कात्री चालवत होते. यात विसंगती आहे असे वाटते खरे, पण थोडा विचार केला की वाटत नाही. ‘घाशीराम’ बंद पाडले ते सरकारने नव्हेच. एकोणीस प्रयोगांनंतर ज्या संस्थेने ते बसवले तिच्याच अध्यक्षांनी, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या भालबा केळकरांनी, ते थांबवले. स्पर्धेच्या परीक्षकांना जे चालले ते संस्थाचालकांना चालले नाही. पुन्हा पुणे, पुन्हा पेशवाई, पुन्हा ब्राह्मणांच्या चित्रणाचा प्रश्न. नटमंडळींनी २७ मार्च १९७३ रोजी थिएटर ॲकॅडमी काढली आणि नाटक जगभर नेले. ‘तृतीय रत्न’ला अशी दुसरी संस्था काढणारे कोणी नव्हते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. यशवंतराव चव्हाणांनी अध्यक्षपदासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची निवड केली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींच्या हाताखाली तयार झालेले, ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिणारे, रॉयवादी, १९५४च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि ‘वैदिक संस्कृतीचा विकास’साठी १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले शास्त्रीबुवा. शास्त्रार्थात ज्यांच्यापुढे सनातनी उभे राहायला कचरत, आणि सत्यशोधक परंपरेतल्या माणसांनाही ज्यांचे वावडे नव्हते, असा माणूस चव्हाणांनी हेरला यात त्यांची चतुराई दिसते. शास्त्रीबुवा वीस वर्षे अध्यक्ष होते.

मंडळाची रचना मात्र पहिल्यापासून एका बाजूला कच्ची राहिली, असे माझे मत आहे. दिल्लीत १९५४ साली साहित्य अकादमी स्थापन झाली तीही सरकारी ठरावानेच. पण १९५६ साली ती नोंदणीकृत संस्था झाली, तिची स्वतःची घटना झाली, तिचे सभासद विद्यापीठे आणि साहित्यसंस्था यांच्याकडून येऊ लागले. अकादमीच्या कारभारातही पुष्कळ उणिवा आहेत, तो निराळा विषय. आपल्या मंडळाचे तसे झाले नाही. ते शासन निर्णयाने जन्माला आले आणि शासकीय विभागाच्या अखत्यारीत राहिले. अध्यक्ष आणि सदस्य शासन नेमते, मुदत संपली की नवे नेमते, कधी नेमायला उशीर करते. १९६० साली हे कोणाला खटकले नाही, कारण मुख्यमंत्री यशवंतराव होते आणि अध्यक्ष तर्कतीर्थ. दोन माणसांच्या परस्परविश्वासावर काम चालले आणि चांगले चालले. त्यामुळे जे नियमात लिहून ठेवायला हवे होते ते लिहायची गरजच कोणाला भासली नाही.

काम किती चांगले चालले याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे १९६९ साली मंडळाने काढलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’. धनंजय कीर आणि स. गं. मालशे हे त्याचे संपादक. त्याआधी फुले वाचायचे म्हणजे कुठल्या तरी जुन्या ग्रंथालयात पिवळी पडलेली पुस्तिका शोधायची किंवा चळवळीतल्या कोणाकडून ती मागून आणायची. मंडळाच्या एका जाड, साध्या बांधणीच्या, स्वस्त ग्रंथाने हे सगळे बदलले. सत्तरच्या दशकात दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, स्त्रीमुक्तीची चळवळ या सर्वांना फुले हाताशी मिळाले ते या ग्रंथामुळे. चळवळींनी फुल्यांना जिवंत ठेवले होतेच, त्याचे श्रेय शासनाला देण्याचे कारण नाही. पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला परवडेल अशा किमतीत मूळ संहिता हातात पडणे ही वेगळी गोष्ट आहे. ‘तृतीय रत्न’ १९६९च्या आवृत्तीत असणे शक्यच नव्हते, य. दि. फडके यांनी संपादलेल्या १९९१च्या आवृत्तीत ते आहे. ज्या नाटकाला सरकारी समितीने बक्षीस नाकारले ते अखेर सरकारी मंडळाच्याच ग्रंथात आले.

मंडळाने याखेरीज कोश काढले, अनुवाद केले, चरित्रे लिहून घेतली. गं. दे. खानोलकरांनी संपादलेला मराठी वाङ्मयकोशाचा पहिला खंड १९७७चा. वाईला विश्वकोशाचे काम सुरू झाले, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला, आणि १९८० साली विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ करून शास्त्रीबुवा तिकडे गेले, साहित्य संस्कृती मंडळाची धुरा सुरेंद्र बारलिंगे यांच्याकडे आली. विश्वकोशाची कथा स्वतंत्र लेखाची आहे. इथे एवढेच, की विसाव्या खंडाचा उत्तरार्ध २०१५ साली आला, तोवर शास्त्रीबुवांना जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

वाङ्मयाच्या वर्गात शिकवणाऱ्याला मंडळाची जी योजना रोज जवळून दिसते ती मात्र या मोठ्या ग्रंथांची नव्हे. ती नवलेखक अनुदानाची. ज्याचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशा लेखकाने आपले हस्तलिखित मंडळाकडे पाठवायचे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललितगद्य, बालवाङ्मय असे प्रकार. तज्ज्ञ ते वाचतात, शिफारस झाली की पुस्तक काढण्यासाठी अनुदान मिळते. या एका योजनेमुळे मराठीत किती पहिली पुस्तके निघाली याचा हिशेब कोणी तरी पीएच.डी.च्या निमित्ताने मांडावा. पहिला कवितासंग्रह आपल्याकडे कवीच्याच खिशातून निघतो हे उघड गुपित आहे. प्रकाशक हजार प्रतींचा खर्च कवीकडून घेतो, त्यातल्या दोनअडीचशे प्रती कवीच्या कॉटखाली जातात, उरलेल्या कुठे जातात हे कवीला कळत नाही. ज्याच्याकडे हा पैसा नाही, त्याची कविता वहीत राहते. अनुदानाने ही वही उघडली. विदर्भ-मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, आदिवासी पट्ट्यातल्या शिक्षकांची, शेतकऱ्यांच्या मुलांची, घरातून पहिल्यांदाच लिहिणाऱ्या स्त्रियांची पुस्तके त्यातून आली.

सगळी चांगली नव्हती. बहुतेक बेताचीच होती, हे वाचणाऱ्यालाच ठाऊक. पण खासगी पैशाने निघालेली पहिली पुस्तके तरी याहून बरी कुठे असतात? माझ्या एका विद्यार्थिनीने हस्तलिखित पाठवले आणि वर्षभराने नकार आला. नकाराचे तिला काही वाटले नाही, तिला जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की आपली कविता वाचणाऱ्याला तिच्यात काय खटकले. ते पत्रात नव्हते. नवलेखकाला अनुदानापेक्षाही पुष्कळदा चांगल्या वाचकाची दोन वाक्ये हवी असतात, आणि परीक्षकाने अभिप्राय लिहिलेलाच असतो. तो लेखकाला पाठवायला टपालाच्या तिकिटाहून जास्त खर्च येणार नाही.

अनुदानाच्या जोडीला ग्रंथालये आहेत. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव झाली, त्यांना शासनाचे अनुदान मिळते आणि त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. मराठी प्रकाशनाचे अर्थशास्त्र या खरेदीभोवती फिरते. कादंबरीची आवृत्ती संपली असे जेव्हा आपण ऐकतो तेव्हा ती वाचकांनी संपवली की ग्रंथालयांनी, हे विचारून पाहावे. म्हणजे शासनाचा पैसा मराठी पुस्तकात पुरस्काराच्या वेळी एकदाच येतो असे नाही. तो आडवाटेने आधीच आलेला असतो. शासनाच्या पैशाला शिवणार नाही असे म्हणणाऱ्या लेखकाचे पुस्तकही कुठल्या तरी ड वर्ग ग्रंथालयाच्या कपाटात त्याच पैशाने पोचलेले असते. यात लाजण्यासारखे काही नाही. पैसा करदात्यांचा आहे, मंत्र्यांचा नाही. ही गोष्ट लेखक विसरतात तेव्हा मिंधे होतात आणि सत्ताधारी विसरतात तेव्हा उर्मट.

उर्मटपणाची उदाहरणे आपल्याला पाठ आहेत. १९९६ साली पु. ल. देशपांडे यांना पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला गेला, पुलंनी सत्ताधाऱ्यांच्या भाषेवर टीका केली, आणि पुरस्कार दिला हीच चूक झाली असे शिवसेनाप्रमुखांनी जाहीरपणे ऐकवले. १९९९ साली मुंबईच्या संमेलनाच्या वेळी अध्यक्ष वसंत बापटांनी लोकशाही आणि अभिव्यक्तीबद्दल बोलताच शासनाने दिलेल्या पंचवीस लाखांची आठवण करून देण्यात आली आणि साहित्यिकांना बैल म्हटले गेले. त्यानंतर संमेलनासाठी लोकवर्गणीचा महाकोश उभारण्याची भाषा झाली. तो कोश पुरेसा भरला नाही आणि संमेलने शासनाच्या पैशावर होत राहिली.

पण हे शब्दांचे अपमान होते, कामावर त्यांचा परिणाम झाला नाही. कामावर हात पडला तो दोनदा, दोन वेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या काळात. आणीबाणीतील अनुभवांवरचे विनय हर्डीकर यांचे ‘जनांचा प्रवाहो चालिला’ हे पुस्तक राज्य पुरस्कारासाठी निवडले गेले असताना अंतुले मुख्यमंत्री असलेल्या सरकारने तो पुरस्कार दिला नाही. लेखकांनी त्याचा निषेध केला आणि १९८१ साली मुंबईत मालतीबाई बेडेकरांच्या अध्यक्षतेखाली समांतर साहित्य संमेलन भरवले. मराठी लेखकांच्या बाजूने एवढे संघटित उत्तर त्यानंतर क्वचितच दिले गेले.

दुसऱ्यांदा हे घडले ते डिसेंबर २०२२मध्ये. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातील आठवणींचा अनघा लेले यांनी केलेला मराठी अनुवाद २०२१च्या राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी निवडला गेला. ६ डिसेंबरला पुरस्कार जाहीर झाले. १२ डिसेंबरला शासन निर्णय निघाला, प्रशासकीय कारण देऊन पुरस्कार रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त झाली. भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी राजीनामा दिला. मंडळावरून प्रज्ञा दया पवार, नीरजा, हेरंब कुलकर्णी बाहेर पडले. पुरस्कार मिळालेल्या काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले. अनुवादासाठीच्या या पुरस्काराचे नाव काय, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार. आणि सबंध राज्य वाङ्मय पुरस्कार योजना आहे यशवंतराव चव्हाणांच्या नावाची. १९६०मध्ये ज्या दोघांच्या परस्परविश्वासावर ही व्यवस्था उभी राहिली त्यांची नावे उरली होती. त्यांच्यामधला विश्वास कुठल्याच नियमात उतरलेला नव्हता.

या दोन घटनांवरून पुष्कळ जण एवढाच निष्कर्ष काढतात, की शासनाने हात काढून घ्यावा आणि निर्णय तज्ज्ञांच्या समितीवर सोडावा. मला हा निष्कर्ष अर्धा वाटतो. १८५५ साली समितीवर सोडलेच होते. फुल्यांच्या सांगण्यावरून पाहता सरकारचे गोरे प्रतिनिधी अनुकूल होते, तज्ज्ञ प्रतिकूल. तज्ज्ञ स्वायत्त होते आणि त्या स्वायत्ततेचा उपयोग त्यांनी आपल्या जातीच्या अब्रूसाठी केला. १९८१ आणि २०२२ साली उलटे झाले. समितीने निर्भयपणे निवडले, शासनाने मोडले. तेव्हा दार दोन ठिकाणी असते, आत आणि बाहेर. बाहेरचे दार मोडल्याचा आवाज होतो, वर्तमानपत्रात येतो, राजीनामे होतात. आतले दार मुकाट्याने लागते.

शासनाला स्वतःला न पटणारे छापता येते काय, याचे उत्तर आपल्याकडे एकदा मिळाले आहे, तेही झगड्यानंतर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९पासून खंडशः काढायला सुरुवात केली. १९८७ साली चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आले आणि त्यातल्या राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून वादळ उठले. शिवसेनेचे मोर्चे निघाले, शासनाने परिशिष्ट काढण्याची तयारी दाखवली, त्याविरुद्ध १९८८च्या आरंभी दलित संघटनांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. अखेर परिशिष्ट राहिले आणि त्याच्या पानावर, शासन या मतांशी सहमत नाही अशा आशयाची तळटीप आली. त्या वेळी ही टीप अनेकांना पळवाट वाटली. मला ती आपल्या सांस्कृतिक धोरणातली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. आम्हाला हे मान्य नाही आणि आम्ही ते छापतो आहोत, एवढे शासनाला म्हणता आले तर पुरस्कारांचे निम्मे प्रश्न सुटतील. (छापतो आहोत म्हणण्यापुरते नव्हे. हेच खंड पुढे वर्षानुवर्षे उपलब्ध नव्हते. त्यांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून दखल घ्यावी लागली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर शासनाच्या विक्रीकेंद्रापुढे लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दिरंगाईचा अर्थ सांगायला नको.)

आतल्या दाराचे काय करावे? परीक्षक कोण होते हे निदान निकालाबरोबर जाहीर व्हावे, आणि त्यांनी लिहिलेले अभिप्राय, निवडलेल्या पुस्तकांचे आणि अखेरच्या फेरीत गळलेल्याही, छापावेत. मंडळाची पुस्तके आता संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तिथे हे अभिप्राय ठेवायला जागा कमी पडणार नाही. परीक्षक मग जपून लिहितील अशी शंका काही सहकारी घेतात. लिहू देत जपून. दक्षिणा प्राइझ कमिटीने ‘तृतीय रत्न’ का नाकारले हे आपण फुल्यांच्या तोंडून ऐकतो, तेही नाकारले गेलेल्या त्या लेखकाने अठरा वर्षांनी आपल्या पुस्तकात ते नमूद केले म्हणून.